मेहराबीवरची लाल काच

दुबईला खाडीच्या काठी माझी वखार होती. चंदलाचे म्हणजे खारफुटीचे वासे, मलबारी साग, मुंबईची कौलं, दोरखंड, साधी काच, आणि मागणी वाढली तसं सिमेंट. साठ सालानंतरची ती पहिली वर्षं. अमिराती हे नाव अजून कोणी ऐकलं नव्हतं, दिरहॅम नव्हता. आपलाच रुपया चालायचा, फक्त नोटेचा रंग वेगळा. मी रत्नागिरीकडच्या गलबतावर भंडारी म्हणून आलो, म्हणजे खलाशांचा भात रांधायला, आणि वखार स्वतः उभी केली. बापाची नव्हे, सासऱ्याची नव्हे. भाव करण्यात माझा हात धरणारा त्या खाडीवर कोणी नव्हता, आणि रागावण्यातही नव्हता. एका इराणी व्यापाऱ्याशी वाशाच्या जाडीवरून भांडताना मी स्वतःचाच तराजू खाडीत फेकून दिला होता. लोक ते अजून सांगतात. सांगू देत, ते खरं आहे.

मुतवल्ली आला तेव्हा मी त्याला साधं गिऱ्हाईक समजलो. उंच, वाळलेला अरब, अंगातला पांढरा झगा इस्त्रीचा, पायात मात्र झिजलेल्या वहाणा. रास अल खैमाहून लाँचनं आला होता. वखारीत शिरला आणि थेट काचांच्या पेटीकडं गेला. एक तुकडा उचलून डोळ्याच्या इतका जवळ नेला की मला वाटलं, आता भुवई कापून घेतो.

"रंगीत आहे?" त्यानं विचारलं. तरुणपणी मोती विकायला तो दर वर्षी मुंबईला जायचा, त्यामुळं हिंदी फर्डी बोलायचा. इथं मी त्याचं बोलणं मराठीतच लिहितो.

"मागवावी लागेल," मी म्हणालो. "कशाला हवी?"

तो वाशांच्या ढिगावर बसला आणि सांगू लागला. रास अल खैमाला, अगदी किनाऱ्यालगत, त्याच्या पणजोबानं मोत्याच्या पैशातून बांधलेली मशीद होती. समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडांची. तिच्या देखभालीचं काम त्याच्या घराण्याकडं, म्हणून तो मुतवल्ली. मेहराबीच्या, म्हणजे इमाम उभा राहतो त्या कोनाड्याच्या, वर एक कमानदार खिडकी होती, आणि तिच्यात जसची जाळी. जस म्हणजे तिकडच्या खाऱ्या जमिनीतून खणून, भाजून, कुटून केलेला पांढरा गिलावा. त्या जाळीच्या प्रत्येक घरात बसऱ्याहून आणलेली रंगीत काच. आपल्याकडून काय किंवा तिकडून काय, किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, पश्चिमेला. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाला सूर्य त्या भिंतीमागं उतरतो आणि सगळा रंग पहिल्या रांगेच्या चटईवर सांडतो. सांडायचा. जाळीचे दांडे मोडले होते, अर्धी खिडकी फळ्या ठोकून बंद केली होती.

"मग एवढ्या वर्षांनी आता का?" मी विचारलं.

त्यानं डोळ्यांकडं बोट दाखवलं. दोन्ही बाहुल्यांवर साय धरल्यासारखं होतं. दुबईच्या डॉक्टरनं हात वर केले होते. "माणसं दिसत नाहीत," तो म्हणाला. "तू मला दिसत नाहीस. रंग अजून दिसतो. मी जन्मभर मोती पारखले, कोकणी. गुलाबी कुठला, पिवळा कुठला, हे मी दिव्याच्या उजेडात सांगायचो. जायच्या आधी तो लाल मला एकदा चटईवर पाहायचाय. मग खलास, हरकत नाही."

मी भाव सांगितला. नेहमीप्रमाणे चढवूनच सांगितला, कारण समोरचा पाडणार हे धरूनच भाव सांगायचा असतो. तो म्हणाला, "ठीक." असं मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. मी तिथंच उभा, आणि मग माझा भाव मीच पाडला. त्याला साक्षीदार कोणी नव्हता. असता तर पुढं बरं झालं असतं.

मी रास अल खैमाला जाऊन मशीद पाहिली. पक्का रस्ता नव्हता. ओहोटी लागली की लँडरोव्हर किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून जायची. भिंतीचे खालचे दगड लोणा लागून भुगा झाले होते. गावात नवे गवंडी होते, पण त्यांना सिमेंटच्या विटेपलीकडं काही येत नव्हतं. ते म्हणाले, खिडकी फोडून लोखंडी चौकट बसव, एका दिवसाचं काम. मी स्वतः सिमेंट विकायचो, तरी मला ते पटलं नाही. जस जाणणारा एकच माणूस उरला होता. किनाऱ्यावर खड्डा खणून तो खजुराच्या झावळ्यांच्या जाळावर जस भाजायचा. आम्ही त्याला भट्टीवाला म्हणायचो. त्याचे मुलगे अबुधाबीला तेलाच्या कंपनीत गेले होते आणि त्याचे हात इतके कापायचे की चहाचा पेला तो दोन्ही हातांनी धरी. जस तो देऊ शकत होता, जाळी कोरू शकत नव्हता.

म्हणून मी दुलाभाईंना बोलावलं. माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. चुन्याच्या कामात रत्नागिरी ते राजापूर त्यांच्यासारखा गवंडी नव्हता. गावच्या मशिदीचा नक्षीचा कठडा त्यांनीच केलेला. बोटीचं तिकीट मी काढलं, पासपोर्टासाठी खेटे मी घातले. ते आले, वखारीत एक दिवस राहिले, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना मशिदीत घेऊन गेलो. त्यांनी भिंतीतून निसटलेला एक दगड उचलला, उलटसुलट केला.

"हा दगड हाय का घावन?"

"समुद्रातला आहे, दुलाभाई. प्रवाळ."

"घावनाला पण एवढी जाळी पडत नाय. तुझ्या बहिणीला दाखवायला नेतो एक." मग त्यांनी घमेल्यातली पांढरी भुकटी बोटांवर घेतली. "आणि ह्याला काय म्हणतात?"

"जस."

"बरं झालं. आपल्या हाताला जस हायच, आता घमेल्यात पण."

भट्टीवाला बाजूला बसून त्यांचे हात पाहत होता. त्यानं आपल्या झोळीतली कोरायची सुरी काढून त्यांच्यापुढं ठेवली. आपल्या हत्याराला परक्यानं हात लावलेला कुठल्या कारागिराला खपत नाही. त्यानं आपण होऊन दिली. तेव्हा मला वाटलं, माझं काम संपलं.

खिडकी उतरवली. अंगणाच्या कडेच्या ओसरीत वाळूची गादी केली, तिच्यावर जाळी आडवी निजवली. कमानीतले कुजलेले दगड काढून ओहोटीला नवे आणून बसवले. मग दुलाभाई जाळीला लागले. मोडलेला दांडा कापायचा, नव्या जसनं भरायचा, घट्ट व्हायच्या आत कोरायचा, काच परत खोबणीत दाबायची, फुटलेल्या जागी मुंबईहून मागवलेली. ते काम बघत राहावं असं होतं. जस हातात असतानाच दगड होतं, चुन्यासारखं थांबत नाही, आणि दुलाभाईंना चुन्याची सवय. पहिल्या दिवशी दोन घमेली वाया गेली, शिव्या घालून झाल्या, आणि तिसऱ्या घमेल्यापासून हात बसला. जुना दांडा कुठं संपतो आणि नवा कुठं सुरू होतो ते मलाही सांगता येईना.

मधल्या सगळ्यात मोठ्या घरात लाल काच होती. तळहाताएवढी. तिच्यात बारीक बुडबुडे होते आणि एका कडेला ती जास्त जाड होती, त्यामुळं तिथं लाल जवळजवळ काळा दिसायचा. ती न फुटता राहिली होती.

मला दुबईला परतणं भाग होतं. पूर्व आफ्रिकेहून चंदल घेऊन गलबत लागणार होतं आणि मी नसलो तर दुसऱ्यानं उचललं असतं. निघताना मी दुलाभाईंना एवढंच सांगितलं, "जसचं मला कळत नाही आणि तुम्हालाही नाही. भट्टीवाला म्हातारा सांगेल तसं करा." भट्टीवाल्यालाही माझ्या बाजारी अरबीत सांगितलं, ह्यांना शिकव. त्यानं मान डोलावली. याहून अधिक काय सांगायला हवं होतं ते मला कोणीतरी सांगावं. मी बऱ्याच जणांना विचारलं आहे.

परत आलो तो शुक्रवार होता. खिडकी त्याच दिवशी असरच्या आधी चढवायची असं मुतवल्लीनं गावभर सांगून ठेवलं होतं. परांची बांधून तयार होती. मी ओसरीत गेलो, जाळीवर हात ठेवला आणि काढून घेतला. मासळीच्या टोपलीत हात घातल्यासारखं गार लागलं. वर गोणपाट होतं, चिंब.

"हे ओलं का आहे?"

"पाणी मारलंय," दुलाभाई म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं. "सकाळ-संध्याकाळ. मधे गोणपाट एकदा पण कोरडं पडू दिलं नाय."

"कोणी सांगितलं पाणी मारायला?"

"तुझ्या म्हाताऱ्यानं. तूच बोललास ना, तो सांगेल तसं करा. पहिल्या दिवशी मी आपलं सवयीनं शिंपडलं, तर हा धावत आला. माय ला, माय ला. आता एवढी अरबी मला पण येते. माय म्हणजे पाणी, तुझ्या वखारीत पहिल्याच दिवशी शिकलो. पाणी ला, पाणी ला. बोललो, कारागीर माणूस हाय, जाणतो. आणलं. तर आणखी ओरडायला लागला. आणखी आणलं. रोज तेच. इथं गोडं पाणी गाढवावरून येतं, माणसागणिक डबा ठरलेला. कमी पडायला लागलं तेव्हा माझ्या आंघोळीचं पण दिलं. तरी त्याचं समाधान नाय. शेवटी रागावून यायचाच बंद झाला."

कोकणातल्या गवंड्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. चुन्याचं काम झालं की पाणी. दुलाभाई म्हणायचे, भिंत बांधून तिला पाणी न देणं म्हणजे पोर जन्माला घालून दूध न देणं. चुना पाण्यानं मजबूत होतो. जस पाण्यानं मरतं. ते घट्ट झालं की त्याला फक्त वारा हवा असतो. पाणी लागत राहिलं तर ते हळूहळू परत चिखल होतं, आणि प्रवाळातलं मीठ बाहेर येऊन वर लोणा फुलतो. हे मला भट्टीवाल्यानंच नंतर सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की म्हातारा अरबीत बोलत होता आणि दुलाभाई हिंदीत ऐकत होते. हिंदीत ला म्हणजे आण. अरबीत ला म्हणजे नाही.

"दुलाभाई," मी म्हणालो. "कलमा रोज म्हणता ना?"

"म्हणजे काय."

"त्याचा पहिला शब्द काय?"

त्यांचे ओठ हलले. ‘ला’ या पहिल्याच शब्दावर थांबले. मग ते वाळूच्या गादीच्या कडेला खाली बसले.

"तो ला वेगळा वाटला मला," ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर मी त्याला किनाऱ्यापर्यंत पळवला असता. पण ज्या माणसानं आपल्या आंघोळीचं पाणी भिंतीला पाजलं, त्याला काय बोलायचं? आणि बहिणीचा नवरा. मी खांबाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

भट्टीवाल्याला बोलावून आणलं. तो आला, दुलाभाईंकडं न बघता जाळीपाशी वाकला आणि एका दांड्यात अंगठ्याचं नख रोवलं. नख आत गेलं. त्यानं ते मला दाखवलं. वाळू दे, तो म्हणाला, सावलीत, वाऱ्यावर, महिना, दीड महिना. मग बघू, इन्शाल्ला. आज उचलली तर तुटेल.

जुम्म्याच्या नमाजानंतर मुतवल्ली घरी गेला नव्हता. तो ओसरीत आला, एक हात भिंतीवर ठेवून. मागं गावातले बरेच लोक होते. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"हाजी, आज नको. ओली आहे."

"मग कधी?"

"महिनाभर वाळू द्या."

"गेल्या महिन्यात मला ह्या दाराचा हिरवा रंग दिसायचा," तो म्हणाला. "आज मी दार हातानं शोधलं. तुझा महिना तुझ्याकडं ठेव."

"हाजी, मोडेल. भट्टीवाल्याला विचारा."

भट्टीवाल्यानं त्याला सांगितलं. मुतवल्लीनं ऐकून घेतलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो हसला. "कोकणी, गिऱ्हाईक दारात आलं की माल आत ठेवायचा आणि भाव वाढवायचा. मी पण व्यापार केलाय. काय वाढवायचं ते सांग."

लोक हसले. माझी कानशिलं तापली. मी म्हणालो की एक पैसा वाढवायचा नाही, उलट काय ते सगळं परत घ्या पण आज ही उचलू नका. ते ऐकून ते आणखीच हसले. मी पैसे परत देतोय, यावर त्या किनाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? तिथं मला समजलं की खरं बोलण्याची सोय मी आयुष्यभरात कुठंतरी घालवून बसलो आहे. मशीद त्याची, गाव त्याचं. मी परका.

"यल्ला," तो म्हणाला. म्हणजे चला.

खाली फळी सरकवली, चारी कोपऱ्यांना दोर बांधले. कोरडी असती तर चार माणसांना जड नव्हती. पाणी पिऊन ती दुप्पट झाली होती. दुलाभाई परांचीवर चढले आणि वरून हात पसरून बसले, लेकरू घ्यायला बसतात तसे. फळी पुरुषभर उंचीपर्यंत सरळ गेली. मग एका बाजूचा दोर जरा आधी ओढला गेला, फळी तिरपी झाली, आणि जाळी मधून वाकली. तुटली नाही, आधी वाकली, ओल्या पापडासारखी. काचा एकेक करून खोबणीतून निसटल्या, आणि मग बाकी सगळं त्यांच्यावर आलं.

धूळसुद्धा उडाली नाही, सगळं ओलं होतं. दुलाभाई परांचीवर तसेच हात पसरून होते.

"काय पडलं?" मुतवल्लीनं विचारलं.

उत्तर मला द्यावं लागलं.

तेवढ्यात असरची बांग झाली. सगळे आत जाऊन उभे राहिले, आम्हीही. मेहराबीच्या वरच्या उघड्या भोकातून ऊन आत येत होतं, पांढरं, डोळ्याला टोचणारं, आणि पहिल्या रांगेत मुतवल्ली नेमका त्या उन्हात उभा होता. सिजद्यात त्यानं कपाळ टेकवलं ते त्या पांढऱ्या चौकोनातच. नमाजात माझं चित्त नव्हतं हे मी लपवत नाही.

नमाज झाल्यावर तो अंगणात येऊन बसला. "काचा आणा," म्हणाला. "ज्या आहेत त्या."

आम्ही चिखलातून वेचून, धुऊन आणल्या. दुलाभाईंनीच धुतल्या, आपल्या सदऱ्यानं पुसल्या. बऱ्याच फुटल्या होत्या. लाल मात्र शाबूत होती. मला जरा धीर आला. मी मनात हिशेब मांडायला लागलो होतो: लाल आहे, निळ्या काही आहेत, सागाची चौकट करू, वखारीत सुताराकडून आठवड्यात करून घेऊ, जाळी नाही तर नाही, रंग तर चटईवर पडेल. सुटका दिसली की माझं डोकं चालतं.

लोक भोवती गोळा झाले. मी लाल काच त्याच्या हातात दिली. "ही घ्या हाजी, मधली लाल. ओरखडासुद्धा नाही."

त्यानं ती उजव्या डोळ्याला लावली आणि तोंड सूर्याकडं केलं. मग डाव्या डोळ्याला. मग काच उलटी करून परत उजव्या. सूर्य थेट त्याच्या तोंडावर होता, काचेतून गालावर लाल ठिपका पडला होता, सगळ्यांना दिसत होता.

"ही लाल नाही," तो म्हणाला.

"हीच लाल, हाजी."

"ही मातीच्या रंगाची आहे. लाल आण."

"हाजी, हीच ती. बुडबुडे बघा. एका कडेला जाड आहे, बोट लावून बघा."

"तू मला लाल शिकवतोस?" तो शांतपणे म्हणाला. "जाड काच मुंबईत कितीतरी मिळते. बुडबुडे पण मिळतात." त्यानं काच मांडीवर ठेवली. "आता मला कळलं तुला महिना कशाला हवा होता. खरी कोणाला विकलीस?"

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी चोर म्हटलं आहे. बाजारात तो शब्द रामराम-सलामासारखा चालतो. असं कोणी म्हटलं नव्हतं. भोवतीचे चेहरे मी बघितले. ते काचेकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. लाल ठिपका त्यांनी सगळ्यांनी पाहिला होता. तरीही एकजण बोलला नाही. कसा बोलेल? बोलायचं म्हणजे त्या माणसाला त्याच्याच मशिदीच्या अंगणात सांगायचं की काच लाल आहे, तुझे डोळे गेले. सकाळी नाही तर दुपारी, काल नाही तर आज, कधीतरी गेले, आणि तुला कळलंच नाही.

दुलाभाई माझ्याशेजारी होते. त्यांना हिंदी चांगली येत होती. ते पुढं सरले. "हाजीसाहेब, काच बराबर है, आपकी आँ..."

मी कोपर त्यांच्या छातीत मारलं. जोरात लागलं असावं, ते खोकत मागं झाले.

"काय म्हणतोय तो?" मुतवल्लीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "शोधून आणतो म्हणतोय. लाल मी आणून देतो, हाजी."

"आण," तो म्हणाला.

झालं. माझ्या तोंडून मीच कबुली दिली असं गावानं धरलं, आणि गावाकडून ते दुबईच्या बाजारात आलं. मशिदीची काच विकून खाणारा. ज्यांनी तो लाल ठिपका पाहिला होता त्यांच्यातलेही काही नंतर हेच सांगायचे, आणि सांगून सांगून त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं. माझ्याकडून वासे घेताना लोक वासा दोनदा मोजायचे, सिमेंटचं पोतं फोडून बघायचे. मी भांडायचो. भांडलो की त्यांना आणखी खात्री पटायची.

दुलाभाई पुढच्या बोटीनं गेले. मी थांबा म्हटलं नाही. गावी ते चुन्याची कामं करत राहिले, पण बहिणीनं कळवलं की आता भिंतीला पाणी मारायला दुसऱ्याला सांगतात, स्वतः मारत नाहीत. प्रवाळाचा एकही दगड त्यांनी नेला नव्हता.

आणि मी लाल शोधत राहिलो. खिडकीच्या भोकाला फळ्या ठोकल्या होत्या. मुतवल्ली म्हणायचा, खरी काच येईपर्यंत राहू देत. मुंबईत नळबाजारच्या मागच्या गल्ल्यांतून, मोडलेल्या बंगल्यांच्या भंगारातून, एकदा कराचीहून आलेल्या खलाशाकडून, दिसेल तो लाल मी उचलायचो. गलबतावरचा कोणी उत्तरेला जाणार असला की मीही त्याच्याबरोबर रास अल खैमाला जायचो. तो त्याच्या दारात बसलेला असायचा. माझ्या पावलाचा आवाज ओळखायचा. "आणलीस?"

मी काच द्यायचो. तो डोळ्याला लावायचा, तोंड वर करायचा, थांबायचा. "नाही. ही नाही." रागावायचा नाही. चहा द्यायचा. मी पुढच्या वेळी बघतो म्हणायचो. असं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नाही, ज्याला पटवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. ना भाव, ना शब्द, ना शपथ.

पुढं पुढं तो काच डोळ्याला लावेनासा झाला. हातात घ्यायचा, अंगठ्यानं चाचपायचा आणि परत द्यायचा. अंधार आहे हे त्याला कळलं होतं का, ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

एकदा मला काही सुचेना, तेव्हा मी तीच नेली. मशिदीचीच, मधल्या घरातली. त्या दिवशी अंगणात त्याच्या मांडीवरून उचलून मी खिशात टाकली होती, आणि ती वखारीत गल्ल्याच्या मागं ठेवलेली होती. तिच्या जाड कडेला जसचा एक कण अजून चिकटून होता, दगडासारखा कडक, चांगला वाळलेला. मला वाटलं, डोळे गेले तरी हात मोती पारखणाऱ्याचा आहे, हाताला कळेल.

त्यानं ती घेतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. अंगठा बुडबुड्यांवरून फिरला, मग जाड कडेवर आला, आणि त्या कणावर थांबला. त्यानं नखानं तो कण खरवडला, खरवडून काढला, बोटांत चुरडला आणि झग्याला पुसला.

"मुंबईचं सिमेंट लावून आणलंस," तो म्हणाला, आणि काच मला परत दिली.